तोडा आणि चकमक

आश्विनातली पहाट होती. सावरदंडचा किल्ला धुक्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. खालचे खोरे, नदीचे वळण, पायथ्याची वस्ती, गडाकडे चढणारी नागमोडी वाट, सारे त्या पांढऱ्या पसाऱ्याखाली दिसेनासे झाले होते आणि बालेकिल्ल्याचा माथा व निशाणाचा बुरूज एवढेच काय ते उगवतीच्या तांबूस उजेडात वर राहिले होते. नगारखान्यात चौघडा झडला. पहाऱ्यावरच्या शिबंदीने बंदुकांच्या नळ्यांवर जमलेले दव मुंडाशाच्या पदराने पुसून घेतले, कारण ह्या डोंगरावर शत्रूइतकेच दवालाही जपावे लागे.

किल्लेदार सुभानराव तोरसकर हजिरीसाठी माचीवर आले. मुजरे झडले. कुणाचा मुजरा कमी लवला नाही, कुणाच्या अदबीत बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही किल्लेदारांच्या मनात रोजचा सल उठला तो उठलाच, कारण मुजरा करून ताठ होणारी प्रत्येक नजर क्षणभर त्यांच्या खांद्यावरून मागे, सदरेच्या सज्जाकडे गेली. तिथे त्यांच्या पत्नी गजराबाई उभ्या होत्या.

सावरदंड हा मूळचा दर्याजीराव खळदकरांचा. त्यांनी तो हयातभर राखला, त्याच्या तटाचा चिरा न् चिरा ओळखला, आणि बंदुकीची दारू तर असली बनवली की हुजुरातीचे गोलंदाज मुद्दाम मागणी करत. त्यांना मुलगा नव्हता. एकुलती एक लेक गजराबाई सोऱ्याच्या कढया आणि कोळशाच्या खलबत्त्यांमध्ये वाढली. दर्याजीराव, गजराबाईंचे बापू, गेले तेव्हा हुजुरांनी किल्ला जावयाच्या नावे केला. सुभानराव शूर होते, घोड्यावर पक्के होते, तलवारीला भारी होते. पण गडाच्या लेखी ते पाहुणेच राहिले. शिबंदी गजराबाईंना माहेरच्या लेकीसारखी ‘आक्कासाहेब’ म्हणे आणि किल्लेदारांना ‘दाजीसाहेब’. त्या हाकेत अनादर नव्हता. नेमके त्यामुळेच तिच्याविषयी कुणाला जाब विचारता येत नव्हता, आणि ती हाक सुभानरावांच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती.

गडावर आपले म्हणावे असे काही असावे, म्हणून त्यांनी गारद्यांची एक तुकडी उभी केली होती. तिचा जमादार शेख बाबन हा मोठा निष्ठावान माणूस. गडावर सुभानरावांना ‘हुजूर’ म्हणणारा तो एकटाच. ह्या तुकडीच्या हाती फिरंगी घडणीच्या नव्या चकमकी बंदुका होत्या. जुन्या शिबंदीकडे मात्र दर्याजीरावांच्या काळच्या, जाड नळीच्या तोडेदार बंदुका. त्यांना पेटत्या सुतळीचा तोडा लागे, भरायला वेळ लागे, आणि गारदी त्यांना हसत. त्या जुन्या बंदुकांचा जमादार होता सटवाजी खैरे, गडाच्या महादरवाजाचाही रखवालदार तोच.

बंदुका आल्या, पण दारू पुरेना. सासऱ्यांच्या हातची दारू कोठारात शिल्लक होती, थोडी, जपून ठेवलेली. सुभानरावांना ती नको होती. त्यांनी घाटाखालच्या बाजारातून एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात पुष्कळशी दारू उचलली आणि कातडी बुधलेच्या बुधले गडावर आणवले. इतका भरगच्च साठा सावरदंडाने कधी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी कोठाराचे दार लावून घेताना किल्लेदारांची छाती भरून आली होती.

आज हजिरीनंतर त्या दारूची परीक्षा होती. पहिल्यांदा सटवाजीची माणसे पुढे झाली. तोडे खाली आले, धूर उसळला, बार दणाणले. धूर काळा होता आणि वास उग्र, पण एकही बार चुकला नाही. मग शेख बाबनच्या गारद्यांनी चाप ओढले. चकमकी खणाणल्या, ठिणग्या पडल्या. काही बार निघाले, काही बंदुकांच्या कानाशी नुसती फुस्स झाली आणि कित्येक मुक्याच राहिल्या. जुन्या शिबंदीत कुणीतरी हसू दाबले.

तेवढ्यात गजराबाई माचीवर उतरून आल्या. त्यांनी एका बुधल्यातली चिमूटभर दारू तळहातावर घेतली, बोटाने चोळली, जिभेच्या टोकाला लावली.

“सोऱ्यात मीठ राहिलंय,” त्या म्हणाल्या. “हवेतली ओल ओढून घेते ही. तोड्याचा निखारा सरळ कानावरच्या पेटवणीत, रंजकेत बुडतो, त्याच्यापुढं ओल्यासुक्याचं फारसं चालत नाही. चकमकीची ठिणगी वरून पडते, तिला कोरडी, बारीक रंजक लागते. दारू टाकाऊ नाही. ही सटवाजीकाकांना द्यावी आणि बापूंची दारू गारद्यांसाठी काढावी. दोन्ही बंदुका चालतील.”

त्या पतीशीच बोलत होत्या, हलक्या आवाजातच बोलत होत्या. पण धुक्यात आवाज लांब जातो. सटवाजीने मान डोलावली, त्याच्यामागे साऱ्या शिबंदीने डोलावली, आणि पाहता पाहता शेख बाबनचीही मान हलली. ते शेवटचे डोलावणे सुभानरावांना सोसले नाही.

“दारूत खोट नाही,” ते म्हणाले. “गारगोट्या झिजल्यात. नव्या बसवा. आणि कोठारातल्या जुन्या दारूला आमच्या हुकुमाशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

गजराबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. “जशी आज्ञा,” म्हणून त्या माघारी वळल्या. भांडल्या असत्या तर बरे वाटले असते, असे सुभानरावांच्या मनात आले. कोठाराची किल्ली कमरेला आवळून ते सदरेत निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निंबाजीराव काटवटे सावरदंडावर चालून आला. हा एकेकाळचा हुजुरांचाच सरदार. सरंजामावरून बिनसले तेव्हा बंड करून उठला आणि घाटमाथ्याची ठाणी एकामागून एक गिळत निघाला. त्याच्या पायदळाकडे साऱ्या चकमकी बंदुका होत्या. तोफा घाटात अडकल्या होत्या, पण त्यांची वाट पाहण्याइतका धीर त्याला नव्हता.

पहिला हल्ला माचीवर आला, तोही पहाटेच्या धुक्यात. सुभानरावांनी आपले गारदी पुढे घातले होते. ही लढाई त्यांना आपल्या माणसांच्या बळावर जिंकायची होती. शत्रू कड्यावरून वर आला, शेख बाबनने इशारा दिला, आणि नव्या गारगोट्या बसवलेल्या बंदुकांच्या ओळीतून खटखट असा कोरडा आवाज उठला. मोजके बार निघाले. पुढच्या क्षणी तलवारी गारद्यांच्या अंगावर होत्या. सटवाजी दरवाजा सोडून धावत आला, त्याच्या माणसांनी तोडे फुंकून तटाच्या आडोशाने बार काढले, म्हणून माची राहिली. पण गारद्यांची रांग निम्मी आडवी झाली होती. शेख बाबनच्या खांद्यात तलवार खोल गेली होती.

गजराबाई जखमींमध्ये फिरल्या, पट्ट्या बांधल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. पतीला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सुभानराव सदरेच्या पायऱ्यांवर उभे होते. खाली दोन शिपाई बोलत होते, एक म्हणाला, “आक्कासाहेबांचं ऐकलं असतं तर ही पोरं जगती.” दुसरा म्हणाला, “किल्ला त्यांच्याच नावे व्हायला हवा होता.” सुभानरावांना आपल्या मेलेल्या माणसांचे दुःख होते, खरे दुःख होते, पण त्या दुःखाच्या आत दुसरे काहीतरी जळत होते. तिचे म्हणणे खरे ठरले, ह्याचा राग त्यांना माणसे गेल्याच्या दुःखापेक्षा तसूभर जास्तच आला होता, आणि हे त्यांना स्वतःला कळत होते.

दुसऱ्या दिवशी तहाचे पांढरे निशाण घेऊन निंबाजीरावाचे वकील लखोपंत गडावर आले. गोड बोलणारा, पायाखाली पाहून चालणारा गृहस्थ. सदरेवर त्यांनी चार औपचारिक गोष्टी मांडल्या, त्या रीतसर नाकारल्या गेल्या. परत जाताना किल्लेदार त्यांना दरवाजापर्यंत पोचवायला निघाले, तेव्हा वाटेतल्या टाक्यापाशी लखोपंत थांबले.

“एक अर्ज आहे. आपणांसारखा मर्द दुसऱ्याच्या घरी जावई म्हणून किती दिवस राहणार?”

सुभानरावांचा हात तलवारीवर गेला. लखोपंत मागे सरले नाहीत.

“मुलखात बोलतात तेच बोललो, राग नसावा. आमचे राव भिवरीचा कोट आपल्या नावे करून देतील. तिथे आपल्याला दाजी म्हणणारं कुणी असणार नाही. कुणाच्या लेकीकडे बघून कुणी मुजरा करणार नाही.”

“आणि बदल्यात दरवाजा उघडायचा?”

“दरवाजा आपल्या शब्दानं उघडणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे,” लखोपंत मृदूपणे म्हणाले.

हा घाव तलवारीपेक्षा खोल गेला, कारण तो खरा होता. सटवाजी आक्कासाहेबांच्या शब्दाशिवाय अडसर काढणार नव्हता.

लखोपंतांनी मग मनातले सांगितले. नदी उतरताना अवचित लोंढा आला आणि फौजेची दारू भिजली. कालच्या हल्ल्यात होती नव्हती ती संपली. कोठाराची किल्ली किल्लेदारांच्या कमरेला आहे. खळदकरांची नामी दारू चोरदिंडीतून खाली पोचती करावी. गडावर हलकी तेवढी राहील, गडाचे बळ तुटेल, आणि पहाटे राव स्वतःच्या जोरावर दरवाजा फोडतील. “मात्र विश्वासासाठी किल्लेदारांनी दारूबरोबर स्वतः यावं आणि हल्ला होईतो आमच्या छावणीत राहावं.”

सुभानरावांनी कमरेची किल्ली चाचपली.

“उद्या,” ते म्हणाले, “तिन्हीसांजेला.”

त्यांनी ते मनापासून म्हटले होते. पुढे लोकांनी काहीही सांगितले तरी खरे हेच आहे की त्या घटकेला सुभानराव तोरसकर फितूर झाले होते.

चोरदिंडी पश्चिमेच्या कड्यावर होती. तिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, जाऊ शके; आणि तिच्यावर पहारा गारद्यांचा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेख बाबनला कोठारात बोलावले आणि दार लोटून घेऊन सारे सांगितले. एका भिंतीशी दर्याजीरावांचे जुने बुधले होते, दुसऱ्या भिंतीशी स्वस्त दारूचे नवे.

बाबन ऐकत राहिला. खांद्याची पट्टी रक्ताने कडक झाली होती.

“जुने बुधले न्यायचे, हुजूर?”

“जुने.”

“उद्या ते आमच्यावरच चालतील.”

“तुम्ही आमच्यासोबत खाली याल. तुमच्यावर कोण चालवणार?”

“मी येतो,” बाबन म्हणाला. “आपलं मीठ खाल्लंय, मी नाही म्हणणार नाही. पण जखमी पोरं चालू शकणार नाहीत, ती वर राहतील. काल ती मला विचारत होती, जमादार, बंदुका का नाही चालल्या. मी सांगितलं, आपला हात चुकला, हुजुरांच्या दारूत खोट नव्हती.” तो थांबला आणि एका हाताने जुन्या बुधल्याची दोरी ओढू लागला. “कोणता आधी बाहेर काढू?”

गडावर आपले कुणीच नाही, असे सुभानराव इतकी वर्षे स्वतःला सांगत आले होते. आणि हा माणूस स्वतःच्या मेलेल्या पोरांचा दोष अंगावर घेऊन त्यांची आब राखत होता, आता त्यांच्या पापाचे ओझेही मुकाट उचलायला निघाला होता. बाबनने विरोध केला असता तर त्यांनी त्याला दरडावले असते. त्याच्या आज्ञाधारकपणापुढे मात्र त्यांना तोंड वर करता येईना. ते खाली, बुधल्यांच्या ओळीपाशी बसले.

मग ते म्हणाले, “दोरी सोड. आक्कासाहेबांना बोलावून आण.”

गजराबाई आल्या. सुभानरावांनी आयुष्यात पुष्कळ लढाया मारल्या होत्या, पण त्या दुपारी पत्नीसमोर उभे राहून बोलणे त्यांना सर्वांत कठीण गेले. त्यांनी काही लपवले नाही. लखोपंतांचे बोलणे सांगितले, आपला होकार सांगितला, आणि का दिला तेही सांगितले.

गजराबाईंचा हात जुन्या बुधल्यावर गेला. “माझ्यावरच्या रागापायी बापूंचा गड द्यायला निघाला होता?”

“राग नाही. हेवा.” सुभानराव म्हणाले. “रागाचं कारण तुम्ही कधी दिलंच नाही.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलणार होतो? माझ्याच बायकोला लोक मानतात म्हणून माझं पोट दुखतं, असं?”

मग सुभानराव नव्या बुधल्यांकडे वळले.

“त्यांना दारू हवी आहे. ही द्यायची. ही चकमकीत कशी वागते ते माझ्याइतकं ह्या मुलखात कुणाला ठाऊक असेल? माझी माणसं त्या विद्येपायी मेली आहेत. निंबाजीकडे सगळ्या चकमकी बंदुका, एकही तोडा नाही. त्यांची रंजकसुद्धा भिजलेली आहे. हिच्यावर विसंबून ते पहाटेच्या धुक्यात गडाला भिडतील. तुम्ही सटवाजीच्या तोड्यांना हीच दारू द्या आणि बापूंची बाबनच्या पोरांना. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता तसंच.”

“ते पारखून घेतील.”

“कसे पारखतात?”

“दगडावर चिमूटभर ठेवून निखारा लावतात,” गजराबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे बुधल्यांवरून फिरू लागले होते. “निखाऱ्याला ही भक्कन पेटेल. पण एखाद्यानं बंदुकीत भरून पाहिली तर?”

“तर रंजक मी घालीन. माझ्या कमरेच्या शिंगात बापूंची दारू असेल.”

गजराबाईंनी थोडा विचार केला. “मग बुधल्यांची तोंडं आत्तापासून उघडी ठेवा. धुकं लवकर उतरतंय. जितकी ओल पिईल तितकं बरं.”

“ठेवतो,” सुभानराव म्हणाले. तिचा सल्ला त्यांनी पहिल्यांदाच खळखळ न करता घेतला, आणि तो घेताना जुना सल हलला नाही असे नाही. पण तो त्यांनी तसाच हलू दिला.

शेवटी गजराबाई म्हणाल्या, “बंदुका मुक्या राहिल्यावर तुम्ही त्यांच्या छावणीत असाल.”

“असेन.”

“दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही?”

“फितूर म्हणून पटेल असा गडावर दुसरा कुणी नाही. माझा हेवा मुलखाला ठाऊक आहे. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.”

तिन्हीसांजेला, धुके कड्याला लागले असताना, बुधले चोरदिंडीतून एकेक करून उतरले. वरून कुणीतरी पाहिले आणि दाजीसाहेब गड विकायला निघाले अशी कुजबूज पसरली. गजराबाईंनी फक्त सटवाजीला बोलावून खरे सांगितले. म्हातारा खालमानेने ऐकत राहिला. मग तो म्हणाला, “किल्लेदारसाहेबांनी माझ्याकरता काही हुकूम ठेवलाय का?” ते नाव त्याच्या तोंडून प्रथमच आले होते, पण ऐकायला सुभानराव तिथे नव्हते.

“शत्रू चढण चढून दरवाजाशी भिडेपर्यंत एकही बार काढायचा नाही,” गजराबाई म्हणाल्या. “तोडे घोंगडीखाली झाकून ठेवायचे.”

छावणीत बुधले ठेवले गेले. निंबाजीराव धिप्पाड होता आणि संशयी होता. त्याच्या माणसाने दारू दगडावर ठेवून निखारा लावला. लख्ख ज्वाळा उठली. “बंदुकीत घाला,” निंबाजीराव म्हणाला. एका शिपायाने नळीत दारू ओतली, गोळी गजाने ठासली, आणि रंजकेसाठी पुन्हा बुधल्याकडे हात नेला.

“आणा इकडे,” सुभानराव पुढे होऊन म्हणाले. “आमच्या गडाच्या दारूचा पहिला बार आमच्या हातचा.”

त्यांनी बंदूक घेतली, कमरेच्या शिंगातली कोरडी रंजक कानाशी घातली, छावणीबाहेरच्या बाभळीवर नेम धरला आणि चाप ओढला. बार खणखणीत निघाला. फांदी तुटून पडली. निंबाजीराव समाधानाने हसला आणि त्याने किल्लेदारांना आपल्या शेजारी बैठक दिली. लखोपंत त्यांना म्हणाले, “भिवरीची हवा फार चांगली आहे.” सुभानराव म्हणाले, “ऐकून आहे.”

पहाटे धुके नेहमीपेक्षा दाट होते. निंबाजीरावाचे पायदळ चढण चढून महादरवाजाशी भिडले, तरी गडावरून एक बार नाही. हलकी दारू घेऊन बसलेत, हिंमत खचली, असे सरदार एकमेकांना म्हणाले. दरवाजावर कुऱ्हाडी चालू लागल्या, तटावर डोकी दिसली, खालून बंदुका खांद्याला लागल्या आणि हुकूम झाला.

चकमकी खणाणल्या. रात्रभर ओल प्यायलेल्या दारूवर ठिणग्या पडल्या आणि विझल्या. पुन्हा चाप ओढले गेले, पुन्हा तेच. काही जणांनी घाईने रंजक बदलली, पण बुधल्यातली रंजक तीच होती. मग तटावरची घोंगडी बाजूला झाली आणि धुक्यात पेटत्या तोड्यांची लाल टोके ओळीने दिसू लागली.

“आता,” गजराबाई म्हणाल्या. त्या सटवाजीच्या शेजारी, उघड्या तटावर उभ्या होत्या.

त्याच दारूने सटवाजीच्या जाड नळ्या एकामागून एक दणाणल्या. दोन बारांच्या मधल्या उसंतीत शेख बाबनच्या उरल्यासुरल्या गारद्यांनी दर्याजीरावांच्या दारूने भरलेल्या बंदुका चालवल्या, आणि त्यातली एकही मुकी राहिली नाही. चढणीवर माघारी फिरायला जागा नव्हती. वरचे खाली कोसळले, खालचे वरच्यांखाली चिरडले. मग दरवाजा उघडला आणि जखमी हात गळ्यात बांधलेला बाबन तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे उतरला.

खाली छावणीत निंबाजीराव कान देऊन ऐकत होता. गडाच्या जड बंदुका वाजत होत्या. त्याच्या स्वतःच्या वाजतच नव्हत्या. तो हळूहळू शेजारच्या बैठकीकडे वळला. सुभानराव तिथेच, मांडी घालून बसले होते. पळायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता.

“सारा मुलूख सांगतो, तुम्ही बायकोच्या हेव्यानं जळता,” निंबाजीराव म्हणाला. “ते खोटं होतं?”

“खरं आहे. आजही जळतो.”

“मग हे का केलंत?”

“तो माझ्या घरातला हेवा आहे, निंबाजीराव,” सुभानराव म्हणाले. “त्यात तुम्हांला वाटा कशाला देऊ?”

निंबाजीरावाने त्यांना बसल्या जागी कापले. मग तो घोड्यावर बसून घाटाकडे पळाला. पुढे महिनाभरात त्याच्याच माणसांनी त्याला सोडले. लखोपंत मात्र छावणीत सापडले, आणि किल्लेदारांचे शेवटचे बोल गडाला त्यांच्याच तोंडून कळले.

सुभानरावांना पालखीतून वर आणले. सटवाजीने महादरवाजाचा अडसर स्वतःच्या हाताने काढला. किल्लेदाराला द्यायची मानवंदना झाली, बुरुजाबुरुजावरून बार झाले, आणि बालेकिल्ल्याखाली दर्याजीरावांच्या समाधीशेजारीच त्यांचे दहन झाले. हुजुरांकडून मानाची वस्त्रे आली, शाबासकी आली, आणि सावरदंडची किल्लेदारी गजराबाईंच्या नावे झाली. मनात असो वा नसो, ती त्यांनी स्वीकारली आणि चोख चालवली.

दिवस गेले तसतशी कथा वाढत गेली. माचीवर शेकोटीभोवती नवे शिपाई बसले की जुने त्यांना सांगत: किल्लेदारसाहेब काय डोक्याचे होते. बाजारातून मुद्दाम हलकी दारू घेतली. मुद्दाम बायकोशी वाकडे असल्याचे सोंग केले. पहिल्या हल्ल्यात गारदी मुद्दाम हलक्या दारूवर ठेवले, म्हणजे शत्रूला वाटावे की गडावर फूट आहे. आरंभापासून सारा डाव त्यांच्या एकट्याच्या डोक्यातला. शेख बाबन ती कथा ऐके आणि उठून जाई. त्याची पोरे त्या डावात मोजली गेलेली त्याला ऐकवत नसे, पण धन्याच्या नावाला कमीपणा येईल असे काही बोलणेही त्याला जमत नसे.

एके संध्याकाळी गजराबाई पहारे पाहत तिथून जात होत्या. सटवाजी आता फार थकला होता, पण कथा सांगताना त्याचे डोळे चमकत. तो म्हणाला, “आक्कासाहेब, तुम्हीच सांगा ह्या पोरांना. ओली दारू, कोरडी दारू, तोड्याला कोणती, चकमकीला कोणती, हे सगळं किल्लेदारसाहेबांनीच ओळखलं होतं की नाही? बापूसाहेबांनासुद्धा सुचलं नसतं.”

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

तळहातावर चोळून पाहिलेली ती चिमूट, जिभेवरचे ते मीठ, सगळ्यांसमोर उच्चारलेले ते शब्द, सारे ह्याच माचीवर झाले होते आणि तेव्हा ह्याच म्हाताऱ्याने पहिली मान डोलावली होती. त्याला ते आठवतही नव्हते. गजराबाईंच्या छातीत काहीतरी चरचरले. त्यांच्या ओठांपर्यंत खरे आले. नवरा गेल्याचे दुःख त्यांना होते, त्याच्या मरणाचा अभिमानही होता. आणि तरीही ह्या क्षणी, मेलेल्या माणसाचा, त्यांना हेवा वाटत होता. ते चरचरणे त्यांना अगदी नवे होते. हे घेऊन तो इतकी वर्षे त्यांच्या शेजारी जेवला, झोपला, सदरेवर बसला, असे त्यांच्या मनात आले.

“होय, सटवाजीकाका,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच ओळखलं होतं.”

शिपाई खूश झाले. कुणीतरी शेकोटीत काटकी सारली आणि सटवाजीने कथेचा तुटलेला धागा पुन्हा उचलला. गजराबाई ती पुरती ऐकायला थांबल्या नाहीत. वरच्या बुरुजाचा पहारा अजून पाहायचा होता.